आमच्या भाऊजींची पाच दिवसांची होळी

फोन आला तेव्हा मी अकोल्याला लेकीच्या घरी तुरीची डाळ पाखडत बसले होते. परतवाड्याहून माझा मुलगा प्रकाश बोलत होता. "आई, काका गेले," एवढंच म्हणाला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "जेवले होते का?" ऐकणारे हसतील, पण घरातून कोणी निघालं की आधी हेच विचारायची आमच्याकडे रीत, आणि भाऊजी तर उभ्या आयुष्यात न जेवताच निघायचे. प्रकाश म्हणाला, "हो, ठेचा-भाकर खाऊन झोपले होते. सकाळी उठलेच नाहीत." तेव्हा कुठं मी सूप खाली ठेवलं... आणि मग रडू आलं.

विनायकराव माझे धाकटे दीर. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान, त्यामुळं आमचं नातं अर्धं दिराचं, अर्धं भांडखोर भावंडांचं. मी लग्न होऊन आले तेव्हा आपला वऱ्हाड अजून मध्यप्रदेशात होता आणि कामाचा कागद नागपूरला जायचा. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो, त्यांची अमरावतीला लाकडाची वखार आणि परतवाड्याला लाकूड चिरायची आरामशीन. वखार मामाजी पाहायचे. मशीनवर आमचे हे. माल कापून घ्यायचा, अचलपूरहून छोट्या आगगाडीच्या डब्यांत भरून मूर्तिजापूरला आणि तिथून पुढं रवाना करायचा, हे त्यांचं काम. आणि वर मेळघाटात, जंगलात, भाऊजी. जंगलखात्याच्या लिलावात कूप घ्यायचा, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा, आणि ठरल्या मुदतीत खुणेची झाडं तोडून माल बाहेर काढायचा. मुदत संपली की जे आत राहिलं ते सरकारचं. आमच्या घराची चूल त्या मुदतीवर पेटायची म्हणा ना! म्हणून लाकडाच्या धंद्यातला माणूस बोलायचा एकच शब्द... लवकर, लवकर, लवकर. भाऊजींना तेवढा तो शब्द येत नव्हता.

आरामशीनशेजारीच आमचं घर. मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची सवय लागलेली, त्यामुळं भाऊजी मायेनं बोलले तरी पाहुण्याला वाटायचं, हे भांडून राहिले. लग्नाचं विचारलं की जंगलात पळायचे. मी एकदा त्यांच्यासाठी बार्शीटाकळीची मुलगी पाहून ठेवली, पाहुणे दारात आले, आणि हा माणूस मागच्या फाटकातून मालाच्या ट्रकवर बसून पसार! मुलीच्या वडिलांना मी काय सांगितलं असेल, ते माझं मला ठाऊक. आठ दिवसांनी आले ते चार लाकूडतोडे सोबत घेऊन, न सांगता, ऐन जेवणाच्या वेळी. "वहिनी, पाच मानसं जेवतीन." मी म्हटलं, "बायको केली असती तर तिनं वाढलं असतं." तर म्हणे, "म्हनूनच केली नाही, बिचारी पळून गेली असती."

एकदा मीच हट्ट धरला, मला कूप दाखवा. गेलो. तोडलेल्या झाडांचे खुंट दाखवत भाऊजी म्हणाले, "वहिनी, हा खुंट पाहा अन् तो पाहा. यातला आपला कोन्ता?" एक गुडघ्याएवढा उंच, वरून चिरफाळलेला. दुसरा जमिनीसरसा, छपरासारखा उतरता, कुऱ्हाडीनं तासून गुळगुळीत केलेला. मी म्हटलं, "हा खालचा." "कशावरून?" "तुमचा चेहरा फुलला त्याच्याजवळ आल्यावर, त्यावरून." मग मोठ्यानं हसून त्यांनी समजावलं. साग असा जमिनीलगत, उतरता तोडला तर खुंटावर पाणी साचत नाही, तो सडत नाही, आणि बुडातून नवा फुटवा जोमानं येतो. पण त्यासाठी माणसाला वाकून, जपून तोडावं लागतं, वेळ जातो. घाईचा ठेकेदार उभ्या उभ्या तोडून घेतो. मी आपलं बाईमाणसाचं गणित विचारलं, "फुटव्याचं झाड व्हायले किती वर्षं?" "तीस-चाळीस तरी." "तवा हा कूप कोनाचा?" "ज्याची बोली लागीन त्याचा." "मंग आपल्याले काय भेटते?" भाऊजी खुंटावरून हात फिरवत म्हणाले, "आपल्याले खुंट भेटला ना वहिनी." काय बोलावं अशा माणसाला!

त्यांचं सगळंच असं. दुसरे ठेकेदार मजुरी हंगामाच्या शेवटी चुकती करायचे, म्हणजे माणूस मध्येच सोडून जाणार नाही. भाऊजी दर बाजाराच्या दिवशी द्यायचे. आमचे हे म्हणायचे, "अरे, असं दिलं तर मानूस उद्या निघून जाईन." भाऊजी म्हणायचे, "जाऊ दे ना. ज्याले जायचं हाये त्याले बांधून ठेवता काय?" तोडीनंतरचा डाहळा-पाला गोळा करून जागा मोकळी करायचे, नाहीतर उन्हाळ्यात वणवा तिथूनच पेटतो. हे सगळं वेळखाऊ. मामाजी कुरकुरायचे, पण माल वेळेत निघायचा म्हणून चालवून घ्यायचे. एका होळीला मात्र गाडी रुळावरून घसरली.

झालं असं. लाकूडतोडे, गाडीवान, मशीनवरचे मजूर, सगळे वरच्या गावांतले कोरकू आदिवासी. अमरावती-परतवाड्याला होळी म्हणजे एक रात्र जाळायची, दुसऱ्या दिवशी धुळवड, तिसऱ्या दिवशी दुकानं उघडली. कोरकूंची होळी पाच दिवसांची, आणि त्यांच्या वर्षातला सगळ्यांत मोठा सण तोच. बाहेर कुठंही कामाला गेलेला माणूस होळीला गावात पोचणार म्हणजे पोचणार. त्यांचा मुकादम मोतीराम, त्याला भाऊजींनी पूर्ण पाच दिवसांचा शब्द दिलेला. इकडं आमच्या ह्यांनी आपल्या घरच्या कॅलेंडरात पाहिलं, होळी, धुळवड, आणि तिसऱ्या दिवसाचे मालडबे अचलपूरला मागवून ठेवले. त्या काळी डबे मिळणं म्हणजे लॉटरी! अकोल्याच्या एका जिनिंग गिरणीच्या छपराचं लाकूड होतं, व्यापाऱ्यानं तारीख बांधून घेतलेली. तिसरा दिवस उजाडला, डबे येऊन उभे राहिले, आणि लाकूड वर जंगलात पडलेलं. गाडीला बैल आहेत, गाडीवान नाही. मशीनवर पाती आहेत, ओंडका सरकवायला हात नाहीत. डबे रिकामे परत गेले.

मामाजी अमरावतीहून तडक आले. चहासुद्धा घेतला नाही. जीप भाड्यानं केली, आणि ह्यांना म्हणाले, "चाल, दाखव मले, तुया भाऊ कुठं हाये." ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी शिदोरी बांधली आणि न विचारता मागं बसून घेतलं, कारण बाप-लेक समोरासमोर आले की मध्ये कोणी तरी बाईमाणूस असलेलं बरं.

घाट चढलो, तर पहिल्याच गावाबाहेर रस्त्यात दोर आडवा! दोन्हीकडं नटलेल्या बाया, गाणं म्हणत. होळीत येणाऱ्या-जाणाऱ्याला असं अडवून फगवा, म्हणजे सणाचे पैसे, मागायचा, ही त्यांची रीत. मामाजी खाली उतरले आणि गरजले, "आमचा माल अडला, डबे रिकामे गेले, अन् वरून तुमाले फगवा पाह्यजे?" एक म्हातारी कमरेवर हात ठेवून पुढं आली. म्हणाली, "सेठ, नुकसान हुआ तो घर जाके रोना. होली में आये हो, फगवा दो." सगळ्या खदखदून हसल्या. मी पदर तोंडात कोंबला. मामाजींचा चेहरा लालबुंद... पण रागातही रीत मोडणारा माणूस नव्हता तो. खिशात हात घातला, दिला फगवा. दोर खाली झाला.

आणि पुढं गावात काय पाहावं? आमचे विनायकराव धोतर खोचून, अंगभर पळसाच्या फुलांचा केशरी रंग, मोतीरामच्या बाजूला ढोलक बडवताहेत! बापाला पाहून हात थांबले, पण ढोलक गळ्यातच राहिलं.

"कावून रे? तिकडं डबे रिकामे चालले, अन् तू इथं नाचून राहिला?"

"नाचत नाही बाबा, वाजवून राहिलो."

"जीभ आवर! डबे मागवले हे तुले ठाऊक नव्हतं?"

"मले कोनी विचारलंच नाही बाबा. अन् विचारलं असतं तरी मी पाच दिवसांचा शब्द देल्ला होता."

"शब्द मले विचारून देल्ला होता काय? वखार कोनाची?"

"वखार तुमची. होळी त्यायची."

मोतीराम पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "बडे सेठ, छोटे सेठ का कसूर नही. बोलो तो आज उठाते लोगों को." आणि तो खरंच उठवायला निघालाही असता. भाऊजींनी त्याचा हात धरला. "बस मोतीराम. बोललो ते बोललो." मामाजी शांतपणे म्हणाले, आणि त्यांचं शांत बोलणं फार वाईट असायचं, "चाल. जीपमधी बस. तुयं जंगल सरलं." भाऊजींनी ढोलक उतरवून मोतीरामच्या हाती दिलं आणि येऊन माझ्याशेजारी बसले. त्यांच्या अंगाचा रंग माझ्या लुगड्याला लागला, तो मी कितीतरी दिवस घासत होते.

भाऊजींना अमरावतीच्या वखारीत बसवलं. गिऱ्हाइकाला फळ्या मोजून द्यायच्या. त्या माणसाला छपराखाली बसलेलं पाहवत नव्हतं हो... पिंजऱ्यातला पोपट तरी बोलतो, हे बोलायचेही नाहीत. मीही त्या वर्षी अमरावतीलाच होते, सासूबाई आजारी म्हणून. जंगलात मामाजींनी दुसरा कारभारी नेमला. हुशार होता, चुणचुणीत होता, लबाड तर मुळीच नव्हता, हे सांगितलं पाहिजे. फक्त घाईचा होता. खुंट उंच राहू लागले, मजुरी हंगामाअखेर गेली. दिवाळीनंतर एक एक माणूस कमी होऊ लागला. भांडण नाही, संप नाही, निरोप नाही. आज दोन आले नाहीत, उद्या चार. कोणी दुसऱ्या कुपावर गेले, कोणी आपल्या कोदो-कुटकीच्या वावरात. कारभाऱ्यानं जास्त मजुरी कबूल केली, ती शेवटी मिळणार म्हटल्यावर कोणी फिरकलं नाही. झाडं उभी, तोडलेला माल जागेवर, आणि मुदत जवळ आलेली. मुदत वाढवून मागितली, मिळाली नाही. लिलावात घातलेलं सगळं जंगलातच राहिलं असतं तर वखारीला कुलूप लागलं असतं. सासूबाईंचे दागिने आधीच घरातून गेले होते, ते मला कोणी न सांगता कळलं होतं.

तो दिवस मला अजून दिसतो. दुपारचं जेवण. मामाजी पाटावर, समोर भाऊजी, मी वाढतेय. वर्षभर बाप-लेक बोलत नव्हते. मामाजींनी वरणभात कालवला, घास काही उचलला नाही. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "सूनबाई, त्याले सांगजो, उद्याच्या गाडीनं परतवाड्याले जाय म्हना."

भाऊजी तर हातभर अंतरावर बसलेले! मी तिकडं तोंड केलं, "भाऊजी, मामाजी म्हनून राहिले, उद्या परतवाड्याले जा."

भाऊजींनी भाकरीचा तुकडा मोडला. "वहिनी, बाबांले विचारा, मजुरी कवा द्यायची?"

मी इकडं तोंड केलं. मामाजी म्हणाले, "बाजाराच्या दिवशी. सांग त्याले."

"अन् बाबांले विचारा... होळी किती दिवसांची?"

माझ्या हातात वरणाची वाटी तशीच राहिली. मामाजींनी डोळे मिटले. वखार, अब्रू, दागिने, वय, सगळं त्या मिटल्या डोळ्यांमागून जात असेल. मी मनात म्हटलं, देवा, या पोराला आता तरी गप्प बसव, जंगल परत मिळतंय तर घे म्हणावं मुकाट्यानं. पण भाऊजी तसेच बसून. मान खाली, पण बसून. त्यांना ते जंगल किती हवं होतं हे मला माहीत होतं, आणि तरी ते होळीशिवाय घेणार नव्हते.

"पाच," मामाजी म्हणाले. "सांग त्याले, पाच दिवसांची." आणि मग पहिला घास घेतला.

आता वाचणाऱ्याला वाटेल, भाऊजी गेले, माणसं धावत आली, सोन्याचा धूर निघाला. तसं काही झालं नाही. भाऊजी गावोगाव पायी फिरले. काही आले, काही म्हणाले, पुढच्या साली पाहू. बराच माल निघाला, बराच आत राहिला. वखार वाचली, एवढंच. पुढची वर्षं बरी गेली, काही फारच बरी, एखादं पार बुडीत. मोतीरामच्या माणसांनी मात्र भाऊजींचा कूप कधी अर्ध्यावर टाकला नाही, आणि अकोल्याचा तोच व्यापारी चार वर्षांनी पुन्हा दारात आला, "माल उशिरा देता, पण जो सांगता तो देता," म्हणत.

महाराष्ट्र झाल्यावर सहकाराचं वारं आलं. जंगल कामगारांच्या सोसायट्या निघाल्या, कूप त्यांना मिळू लागले. मोतीराम भाऊजींकडं आला, आम्हीही सोसायटी काढू म्हणतो, पण माल विकायचा कसा, व्यापारी फसवतील. भाऊजी त्याला हाताला धरून वखारी-वखारी फिरले, कोणत्या लाकडाला काय भाव मागायचा ते शिकवलं. मामाजी तेव्हा अंथरुणाला खिळलेले. म्हणाले, "विन्या, आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून राहिला तू." भाऊजी म्हणाले, "हो बाबा. पन जमिनीसरशी मारून राहिलो." म्हातारा इतका हसला की ठसका लागला, मला पाणी न्यावं लागलं. पण हसण्यावारी गेलं तरी नुकसान खरं होतं. आमचा कुपांचा धंदा त्यानंतर आटतच गेला, आणि आरामशीन तेवढी उरली.

त्याच सुमारास अमरावतीला व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात भाऊजींचा सत्कार झाला. वक्ते छान बोलले. मजुराला बरं वागवा, जंगलाला जपा, धंद्यात बरकत येते, विनायकरावांकडं पाहा, वगैरे. मी बायकांत बसून अभिमानानं फुगले होते. परतताना रिक्षात पाहते तो भाऊजींचं तोंड उतरलेलं. "कावून हो, नारळ लहान भेटला काय?" तर म्हणाले, "वहिनी, फायदा होते म्हनून करा, असं नका सांगू कोनाले. ज्या साली फायदा होनार नाही, त्या साली लोकं सोडून देतीन." मी शाळेत चौथीपर्यंत गेले, पुढचं सगळं रद्दीतल्या वर्तमानपत्रांवर शिकले. पण इतक्या वर्षांत धंद्याविषयी याहून खरं वाक्य माझ्या वाचनात आलेलं नाही.

पुढं ते जंगल वाघांसाठी राखलं गेलं. तिथं आता कुऱ्हाड चालत नाही. भाऊजींच्या फुटव्यांची झाडं झाली असतील, त्यांवर कोणीच बोली लावली नाही. मशीनवर आता बाभूळ, निंब, बाहेरचं लाकूड येतं. प्रकाश पाहतो. वरच्या गावांतली पोरं अजून कामाला येतात.

भाऊजी माघात गेले, आणि मागोमाग होळी आली. मी परतवाड्यालाच होते. होळीच्या आदल्या दिवशी प्रकाश माझ्याजवळ येऊन बसला. अकोल्याच्या एका बिल्डिंगच्या चौकटी द्यायच्या होत्या, कंत्राटदार रोज फोन करत होता. म्हणाला, "आई, यंदा आपल्याकडं तर सण नाही. काकांचं वर्ष आहे. पोरांना डबल देतो, दोन दिवस सुट्टी, बाकी मशीन चालू ठेवू. लोकांनाही बरं दिसेल, घरात दुखवटा अन् कारखान्याला सुट्टी कशाची?" त्याचंही चुकत नव्हतं. सुतकाच्या घरानं सण पाळायचा नसतो, हे मीच त्याला शिकवलेलं. आणि चौकटींचं काम हातचं गेलं असतं तर त्याचं वर्षभराचं गिऱ्हाईक गेलं असतं, हेही मला कळत होतं.

मी म्हटलं, "सण आपला कवा होता रे बाळा? आपन तं फक्त मशीन बंद ठेवत होतो."

तो उठून गेला. मला वाटलं, रागावला. मी भाऊजींच्या खोलीत जाऊन बसले, मशीनला लागूनच आहे ती, खाट, खुंटीवरचा सदरा, सगळं जसंच्या तसं. भिंत मशीनच्या धडधडीनं हलत होती. भाऊजींची एक खोड मला तिथं आठवली. मामाजींनी 'पाच' म्हटलं खरं, पण त्यांचा भरवसा नव्हता म्हणून होळीच्या आदल्या संध्याकाळी भाऊजी स्वतःच्या हातानं मशीनचं पातं फिरवणारा पट्टा उतरवून आणायचे आणि पाच दिवस आपल्या खाटेवर उशाशी ठेवायचे. मामाजी गेल्यावरही ठेवायचे. पट्ट्याला डोकं लावून झोपायचे, सकाळी गालाला काळं.

धडधड थांबली. भिंत गप्प झाली. थोड्या वेळानं दार ढकलून प्रकाश आत आला, खांद्यावर तो जड पट्टा, सदरा तेलानं माखलेला. "आई, कंत्राटदाराले नाही म्हटलं," तो मोठ्यानं बोलला, आणि मग मशीन बंद आहे हे ध्यानात येऊन हळू आवाजात म्हणाला, "कुठं ठेवू?"

मी खाटेवरची उशी जरा सरकवली.